पगार, रोजंदारी आणि उचल : कामाची जोखीम कोणाच्या शिरावर?



जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे मराठवाड्यातील अनेक गावांसारखेच एक गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेली शेती. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून त्यात आला. जिल्हा बदलला, रस्ते झाले, शाळा-महाविद्यालये वाढली. पण ‘हाताला काम आहे का?’ हा प्रश्न मात्र येथील घराघरांत आजही विचारला जातो.

अशा गावात एकाच गल्लीत तीन प्रकारची घरे असतात. पहिल्या घरातला गृहस्थ शाळेत किंवा बँकेत नोकरीला असतो. महिन्याच्या ठरावीक दिवशी त्याचा पगार खात्यावर जमा होतो. दुसऱ्या घरातले पतिपत्नी रोजंदारीवर जातात. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, कधी बांधकामावर माल वाहणे, असे त्यांचे काम. काम मिळाले त्या दिवशी मजुरी, न मिळाले तर काही नाही. तिसरे घर दिवाळी सरली की बंद होते. दाराला कुलूप लावून, म्हाताऱ्यांना मागे ठेवून आणि लेकरांना बरोबर घेऊन ते कुटुंब ऊसतोडीला जाते. त्या कामाची मजुरी त्यांनी काही महिन्यांपूर्वीच ‘उचल’ म्हणून घेतलेली असते आणि बहुधा खर्चूनही टाकलेली असते.

ही तिन्ही घरे कष्ट करतात. मग त्यांच्या आयुष्यात एवढे अंतर का पडते? केवळ रकमेच्या फरकाने ते पुरते समजत नाही. आजारपण, अवर्षण, मंदी आणि हंगामाचे चढउतार हे सर्वांच्याच वाट्याला येतात. ते आले असता त्याचा भार कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे. या लेखात तोच उलगडण्याचा प्रयत्न करू या.

बेरोजगार कोणाला म्हणावे?

केंद्र शासनाच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ या वर्षी देशातील बेरोजगारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. २०१७-१८ मध्ये ते ६.१ टक्के होते. हे आकडे वाचून गावाकडचा मनुष्य चकित होतो. शंभरांत तीनच बेकार असतील, तर पहाटे चौकात कामाच्या आशेने उभे राहणारे हे सारे कोण?

याचे उत्तर व्याख्येत आहे. या सर्वेक्षणाच्या ‘नेहमीच्या स्थिती’च्या मोजमापात मागील वर्षभरात साधारण ३० दिवस जरी एखाद्याने दुय्यम स्वरूपाचे काम केले असेल, तरी तो रोजगारात असलेला धरला जातो. दुसरे मोजमाप आठवड्याचे आहे. त्यात सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलेला मनुष्यही कामकरी ठरतो. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस मजुरीला जाऊन पाच दिवस रिकामा बसलेला मजूर या हिशेबात बेरोजगार नसतो. पूर्वीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिवसाच्या, किंबहुना अर्ध्या दिवसाच्या मापाने काम मोजण्याचीही एक पद्धत होती. मजुराचे रिकामे दिवस तिच्यात दिसत असत. आताच्या सर्वेक्षणात ती पद्धत नाही.

या व्याख्या चुकीच्या आहेत असे नव्हे. जगभर अशाच व्याख्या वापरल्या जातात. परंतु त्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. बेरोजगार म्हणून नोंदला जाणारा मनुष्य बहुधा वाट पाहू शकणारा असतो. आष्टीसारख्या गावातला एखादा पदवीधर तरुण छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, पोलीस भरतीसाठी धावतो, शिक्षक भरतीची जाहिरात निघण्याची वाट पाहतो. त्याच्या मागे आईबापांची थोडीफार शेती किंवा भावाचा आधार असतो. २०२३-२४ च्या त्याच सर्वेक्षणात १५ ते २९ या वयोगटातील बेरोजगारी १०.२ टक्के होती. ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची सोय नाही, तो वाट पाहू शकत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीत त्याला पत्करावेच लागते. बेकार राहायलाही थोडी ऐपत लागते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून गरिबांच्या बाबतीत ‘काम आहे की नाही’ एवढे विचारून भागत नाही. किती दिवस काम आहे, किती मजुरीवर आहे आणि ते हातचे गेले तर पुढे काय, हेही विचारावे लागते.

पगार म्हणजे काय, मजुरी म्हणजे काय?

एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत देशातील नियमित पगारदाराची सरासरी मासिक कमाई सुमारे २१,१०० रुपये होती, तर रोजंदारीवरील मजुराची सरासरी मजुरी दिवसाला सुमारे ४३३ रुपये होती. महिन्याचे २६ दिवस काम मिळाले असे धरले, तर मजुराची कमाई ११,२५८ रुपये होते. परंतु कोरडवाहू भागात २६ दिवस काम मिळते कोठे? १५ दिवस मिळाले, तर ती ६,४९५ रुपयांवर येते. ही सरासरी पुरुषांच्या मजुरीने वर ओढलेली असते, हेही विसरू नये. शेतकामावर स्त्रीला पुरुषापेक्षा कमी मजुरी देण्याची रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही.

आता रक्कम क्षणभर बाजूला ठेवू. पगारदार मनुष्य आजारी पडला, तर त्याला रजा असते. रविवारचा आणि सणाचा पगार कापला जात नाही. पाऊस पडला नाही म्हणून त्याचे वेतन थांबत नाही. १९५२ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी आला, १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा आला, १९७२ च्या कायद्याने उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी आली. या सर्वांचा अर्थ एकच. आयुष्यातल्या अनिश्चिततेचा मोठा भाग मालकाने, शासनाने आणि कामगाराने मिळून वाटून घेतला. पगार याचा अर्थ ठरावीक रक्कम एवढाच नाही. जोखमीची वाटणी हाही त्याचा अर्थ आहे.

रोजंदारीत ती सारी जोखीम एकट्या मजुराकडे येते. पाऊस आला तरी काम बंद आणि पाऊस आला नाही तरी काम बंद. अंगात ताप असला तर मजुरीही जाते आणि वर औषधाचा खर्च येतो.

असंघटित क्षेत्र हा देशाचा एखादा कोपरा आहे, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. डॉ. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये दाखवून दिले, की देशातील सुमारे ९२ टक्के कामकरी लोकांना कोणतेही औपचारिक संरक्षण नव्हते. संघटित क्षेत्राच्या भिंतीलाही भगदाडे पडली आहेत. २०२३-२४ मध्ये शेतीबाहेरील नियमित पगारदारांपैकी जवळपास ५८ टक्के लोकांकडे नेमणुकीचा लेखी करार नव्हता. कंत्राटी शिक्षक, तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, रुग्णालयातील कंत्राटी परिचारिका यांची अवस्था आपल्या परिचयाची आहे. त्यांच्या कामाला पगाराचे नाव असते, पण जोखीम मात्र रोजंदाराची असते.

येथे लहान शेतकऱ्याविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. आष्टी परिसरातला दोन-तीन एकरांचा धनी निंदणीच्या दिवसांत मजूर लावतो आणि आपले काम उरकले की स्वतःच दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो. भाव पडला तर त्याचाही आधार जातो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळून गेल्या, तेव्हा बागाईतदार आणि त्यांच्याकडील मजूर दोघेही एकाच वेळी उघड्यावर आले. मजुरीचा प्रश्न हा शेतकरी विरुद्ध मजूर असा मांडला, तर तो कधीच सुटणार नाही.

उचल : कर्ज झालेली मजुरी

तिसऱ्या घराची गोष्ट अधिक बिकट आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो. मुकादमाला ती रक्कम कारखान्याकडून किंवा वाहतूक कंत्राटदाराकडून मिळते. पुढे तोडलेल्या उसाच्या वजनावर मजुरी धरून उचल फेडून घेतली जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन वेगळे असते.

एक साधा हिशेब मांडून पाहू. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि रोज दोन टन ऊस तोडला, असे समजा. दिवसाची मजुरी झाली ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६ रुपये. त्यासाठी पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि कधी रात्री-अपरात्री गाडी आली तर पुन्हा उठायचे. एक लाख फिटायला २७३ टन ऊस, म्हणजे सुमारे १३७ दिवस लागतात. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला आणि हंगाम शंभर दिवसांतच आटोपला, तर २०० टनांचे ७३,२०० रुपये होतात आणि २६,८०० रुपये अंगावर राहतात. हंगामात किराण्यासाठी घेतलेली खर्ची त्यात मिळवली, तर बाकी आणखी वाढते. ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते.

म्हणजे रोजंदारीत मजुराला काम न मिळण्याची भीती असते, तर उचलीत काम आधीच विकले गेलेले असते. हंगाम लहान झाला, हा दोष ना मजुराचा ना मुकादमाचा. पण त्याची किंमत मजूर मोजतो, आणि तीही कर्जाच्या रूपाने. तो स्वखुशीने उचल घेतो, असे आपण सहज म्हणून जातो. मुलीचे लग्न, दवाखाना किंवा पेरणी समोर उभी असता त्या ‘खुशी’ला किती अर्थ राहतो?

स्त्रीचे दुःख याहून खोल आहे. कोयत्यात तिचे अर्धे श्रम असतात. परंतु उचल आणि हिशेब पतीच्या नावे होतो. पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणात सुट्टी घेतली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. लेकरांची शाळा ऐन सत्राच्या मध्यात तुटते. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली आणि तिच्यात जालना जिल्ह्याचाही समावेश केला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळही स्थापन झाले असून, त्याच्यासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे १० रुपये घेण्याची तरतूद आहे.

लोहमार्गावरची ती पहाट

जालना शहर बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांसाठी प्रसिद्ध आहे. लोखंडी सळया बनवणाऱ्या येथील कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश अशा राज्यांतून आलेले मजूर मोठ्या संख्येने काम करतात. आपल्या जिल्ह्यातला मनुष्य पोट भरण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि आपल्या जिल्ह्यातल्या भट्टीपुढे परप्रांतातला मनुष्य उभा असतो. दोघांचेही घर दूर असते आणि दोघांचीही नोंद बहुधा ठेकेदाराच्या वहीतच असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. ज्यांचा पगार ठरलेला होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना घरी बसूनही वेतन मिळाले. रोजंदाराची मिळकत पहिल्याच दिवशी थांबली. जालन्यातील पोलाद उद्योगात काम करणारे मध्य प्रदेशातील काही मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने पायी निघाले. रात्रभर चालून थकल्यावर ते रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान मालगाडीखाली त्यांतील १६ जण मृत्युमुखी पडले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

हाच लोहमार्ग पुढे परतूरला जातो. आष्टीकडची माणसे याच मार्गावरून प्रवास करतात. त्या सोळा जणांना बेरोजगार म्हणता आले नसते. त्यांच्याकडे काम होते आणि कसबही होते. ते काम थांबताच त्यांना धरून ठेवणारे मात्र काहीच नव्हते.

महाराष्ट्राने दोनदा दिलेले उत्तर

हे चित्र अटळ आहे असे मानण्याचे कारण नाही. जोखीम वाटून घेण्याचे दोन मोठे प्रयोग याच महाराष्ट्राच्या भूमीत झाले.

पहिला प्रयोग माथाडी कामगारांचा. हमाल एका दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उतरवतो. मग त्याचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर तोडगा काढला. कामगार आणि व्यापारी या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायची आणि मंडळाने मजुरी वाटून लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांची सोय करायची. मालक रोज बदलला, तरी कामगाराचे खाते एकच राहिले. यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांचा लढा होता. पुण्यात डॉ. बाबा आढाव (१९३०-२०२५) यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून अनेक दशके हेच कार्य केले. कायद्याच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, तरी अंगमेहनतीच्या आणि विस्कळीत कामालाही संरक्षण देता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

दुसरा प्रयोग रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. मे १९७३ च्या सुमारास राज्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून ‘मागेल त्याला काम’ ही योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा दयेचा विषय न राहता हक्क झाला. केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला तो २००५ मध्ये, म्हणजे बऱ्याच वर्षांनंतर.

या योजनेला पैसा कोठून आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नोकरदार वाचकांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. तीत ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला कमाल २,५०० रुपये कापले जातात. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमीसाठी निधी उभा करण्याकरिता. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या जोखमीतला थोडासा वाटा उचलावा, असा तो विचार होता. आपण ती कपात पाहून कुरकुर करतो. परंतु संघटित आणि असंघटित यांना जोडणारा तो एक धागा आहे.

केंद्रीय कायद्याखाली कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता, म्हणजे पूर्ण १०० दिवस मिळाले तर ३१,२०० रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे. मात्र शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे आणि खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकलेला आहे. हमीचे दिवस कागदावर वाढले, तरी मागितलेल्या वेळी काम आणि केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळाले, तरच ऊसतोडीला जाणारे घर गावी थांबू शकेल.

पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण

द्राक्षमळ्यातील मजुरांचा प्रभू येशूने सांगितलेला दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. दिवस कलताना धनी चौकात जातो, तेव्हा काही जण अजून तेथेच उभे असतात. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. धनी त्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो. पहाटेपासून राबलेल्यांना हा अन्याय वाटतो आणि आपल्यालाही मनातून तसेच वाटते. पण त्या मजुरांच्या घरी माणसे तेवढीच खाणारी होती. काम न मिळण्याची जोखीम धन्याने त्यांच्यावर पडू दिली नाही. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, ही अनुवादाच्या पुस्तकातली आज्ञाही याच जातीची आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. दोघांनी ठरवली तेवढी मजुरी न्याय्यच, हा समज त्यांनी अमान्य केला. गरजेपोटी किंवा अधिक मोठ्या संकटाच्या भीतीपोटी कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो जबरदस्तीचा बळी ठरतो, असा त्यांचा आशय होता. उचलीच्या व्यवहाराकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’मध्ये ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. कामाच्या अटी ज्या ज्या संस्थांमुळे आणि धोरणांमुळे ठरतात, त्या सर्वांवर उत्तरदायित्व येते. मजूर आमचा नाही, मुकादमाचा आहे, असे कारखान्याने म्हणून चालत नाही. आणि साखर विकत घेणाऱ्या आपल्यालाही सर्वस्वी अलिप्त राहता येत नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाचे स्मरण केले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

आपल्या हाती काय आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतनसंहितेप्रमाणे किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक यादीतल्या कामांपुरता नसून सर्व कामगारांना आहे. स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन द्यायचे आहे. रोजंदाराची मजुरी त्याच दिवशी काम संपताना, आठवड्याच्या मजुराची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याच्या पगारदाराची पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायची आहे. कायदा पुस्तकात आहे. तो गावात आणण्याचे काम आपले आहे.

प्रथम आपल्या संस्थांकडे पाहू. शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांतील स्वयंपाकीण, पहारेकरी, सफाई कामगार यांना आपण काय देतो? त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का? भविष्य निर्वाह निधी लागू होत असेल, तर तो भरला जातो का? ‘सेवा’ या शब्दाआड कमी वेतन झाकले जात असेल, तर मजुरांच्या हक्कांवर प्रवचन करण्यापूर्वी आपण आपले हिशेब तपासले पाहिजेत. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही.

दुसरे, बांधकाम. चर्च, शाळा किंवा घर बांधताना काम करणाऱ्या मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतो. त्यातून मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाचे साहाय्य असे लाभ मिळतात. ते प्रमाणपत्र देण्यास ठेकेदार टाळाटाळ करतो, तेव्हा आपण काम देणारे म्हणून आग्रह धरला पाहिजे. एका सहीने पुष्कळ काही होते.

तिसरे, नोंदणी. २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर देशातील ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली आहे. मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील चार शिकलेल्या तरुणांनी दोन तास बसून गावातल्या मजुरांची, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, नोंदणी करून द्यावी. रोजगार हमीचे काम मागताना मागणी लेखी असावी आणि तारखेची पोच घ्यावी, हेही त्यांना समजावून सांगावे. पोच नसेल, तर कायद्याने देऊ केलेला बेरोजगार भत्ता मागता येत नाही.

चौथे, उचल. बचत गट किंवा पतपेढीकडून आषाढ-श्रावणात दहा-वीस हजारांचे साधे कर्ज मिळाले, तर एखादे घर तेवढ्यापुरते तरी मुकादमाच्या वहीतून बाहेर राहते. जे जातातच, त्यांनी उचलीची रक्कम, तोडीचा दर आणि तोडलेले टन यांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. त्या वहीत पत्नीचेही नाव लिहावे.

पाचवे आणि सर्वांत सोपे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला ती आजारी असता तिचे दिवस कापू नयेत. शेतावर आलेल्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी द्यावी. दिवसाचे पैसे ‘उद्या ये’ असे म्हणून टाळू नयेत.

दिवाळीनंतर आष्टीसारख्या गावांतून पुन्हा गाड्या भरून निघतील. त्यांत आपली ओळखीची माणसे असतील. फाल्गुनात ती परततील, तेव्हा कुलूप उघडता उघडता त्यांना एकच गोष्ट विचारावी : यंदा हिशेब फिटला, की बाकी निघाली? आपण त्यांच्यासाठी वर्षभर काय केले, याचेही उत्तर त्यातच मिळेल.

– संपादक